सफरचंदाची पुरचुंडी



गणपती उठले की तालुक्याच्या बाजारात सफरचंदाचे ढीग दिसू लागतात. हिमाचलचा माल आधी येतो, मागोमाग काश्मीरचा. मोठे, लालबुंद, एकसारखे फळ दुकानाच्या पुढच्या फळीवर मांडलेले असते. त्याचा भाव विचारून आपण पुढे जातो. कारण सफरचंद म्हणजे दवाखान्यात पडलेल्या माणसाला न्यायचे फळ, अशी आपली समजूत पक्की झालेली आहे. पण त्याच दुकानाच्या कडेला एक गोणपाट पसरलेले असते. त्यावर बारकी, वाकडीतिकडी, गारांचे ठिपके पडलेली फळे वाट्याने लावलेली असतात. आजचा लेख त्या गोणपाटावरच्या फळांसाठी आहे.

खते, बियाणे आणि फवारण्या यांवर लिहिणारा माणूस आज चुलीपुढे कसा येऊन बसला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो, की शेतमालाची खरी परीक्षा चुलीपाशीच होते. जे फळ बाजारात नापास होते, त्याला पास करण्याचे काम घरची बाई करते. कोंड्याचा मांडा करणे म्हणतात ते हेच.

पदार्थ कोठला?

आज जो पदार्थ पाहायचा, त्याला अमेरिकेत ॲपल डम्पलिंग म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. सोललेले सफरचंद पिठाच्या पारीत गुंडाळायचे, वर तोंड मिटायचे आणि भट्टीत भाजायचे. म्हणजे आपल्या मोदकाचाच दूरचा भाऊ. इंग्लंडात पूर्वी अशी गुंडाळलेली फळे फडक्यात बांधून पाण्यात उकडत असत. घरोघरी भट्ट्या आल्यावर ती भाजूही लागली. आपल्याकडे नाही का, उकडीचा मोदक वेगळा आणि तळणीचा वेगळा. आकार पाहून आपण त्याला सफरचंदाची पुरचुंडी म्हणू.

हा पदार्थ विशेष नावाजला तो अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे जर्मन भाषा बोलणारी कुटुंबे येऊन वसली. बहुतेक शेतकरी आणि कष्टाळू. घराजवळ सफरचंदाची झाडे लावावीत आणि झाडाखाली पडलेले एकही फळ वाया जाऊ देऊ नये, ही त्यांची रीत. चांगली फळे तळघरात हिवाळ्यासाठी ठेवायची. काहींच्या फोडी करून वाळवायच्या. काही मोठ्या हंड्यात तासन् तास आटवून त्यांचा काळसर गर करायचा. काहींचा रस काढून शिर्का करायचा. उरलेल्यांच्या पुरचुंड्या. त्या नुसत्या गोड म्हणून नव्हेत, तर वाडग्यात दूध घालून रात्रीचे जेवण म्हणूनही तेथे खात आले आहेत.

आता योगायोग पाहा. आपल्या बाजारात जे लांबट, लाल, गोड सफरचंद येते, त्याच्या लागवडीचा पाया हिमाचलात घालणारा माणूस याच पेनसिल्व्हेनियातला. सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स हे फिलाडेल्फियाचे. 1904 साली ते कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी भारतात आले आणि सिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगढ भागात स्थायिक झाले. इंग्रजांनी डोंगरात आधी लावलेली सफरचंदे आंबटसर होती. स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास अमेरिकेतून गोड डेलिशस जातीची रोपे आणून लावली आणि आसपासच्या शेतकऱ्यांनाही लावायला शिकवले. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी इंग्रजांचा तुरुंग भोगला आणि 1932 साली हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले. त्या डोंगराळ मुलखाचे अर्थकारण या एका फळाने पालटले.

पण तेथल्या बागायतदाराचे दुखणे आपल्यासारखेच. गारपीट झाली, वाऱ्याने फळ गळाले, खवल्याचा डाग पडला, की त्या फळाला भाव नाही. अशा मालासाठी हिमाचल सरकारची बाजार हस्तक्षेप योजना आहे. त्या योजनेत उतरलेली फळे विकत घेऊन त्यांचा रस काढला जातो. 1974 साली स्थापन झालेले तेथले फलोत्पादन महामंडळ हे काम करते. तेव्हा गोणपाटावरचे डागी फळ आपण घेतो, तेव्हा कोणा शेतकऱ्याच्याच पडलेल्या मालाला हात देतो, हे ध्यानात असू द्यावे.

डागी वेगळे, सडके वेगळे

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गारेचा ठिपका, पानाचा घासलेला चट्टा, वाकडा आकार, कमी रंग हे दोष सालीपुरते असतात. आतला गर उत्तम असतो. हलका मार बसून थोडा भाग तपकिरी झाला असेल, तर तेवढा कापून टाकावा. मात्र फळ बोटाखाली मऊ लागत असेल, पाणी सुटले असेल, निळसर-हिरवी बुरशी धरली असेल किंवा कुबट वास येत असेल, तर ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. सडक्या सफरचंदातील बुरशी पॅट्युलिन नावाचे विष तयार करते. ते सडलेल्या भागाच्या आसपासच्या गरातही उतरते आणि शिजवल्याने पुरते नाहीसे होत नाही. डाग दिसेनासा होईल म्हणून सडके फळ पारीत गुंडाळणे म्हणजे घरच्यांचीच फसवणूक.

भाजण्यासाठी फळ घट्ट असावे. दाबून पाहावे, हातात जड लागले पाहिजे. पिवळे गोल्डन जातीचे फळ मिळाले तर अवश्य घ्यावे. बागेत लाल जातीच्या झाडांना परागकण मिळावेत म्हणून ही झाडे मधून मधून लावतात. लाल रंगाला गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे पिवळे फळ पुष्कळदा मागे पडते. पण भाजल्यावर ते आकार चांगला धरते. लाल डेलिशस लवकर मऊ पडते आणि त्यात आंबटपणा कमी असतो. तेच घेणार असाल तर ताजे, करकरीत फळ पाहून घ्यावे आणि लिंबाचा हात थोडा सढळ ठेवावा.

साहित्य

आठ पुरचुंड्या होतील असे प्रमाण देत आहे.

पारीसाठी: कणीक आणि मैदा निम्मे-निम्मे मिळून 4 सपाट वाट्या (सुमारे 350 ग्रॅम), थिजलेले तूप 1 वाटी शिगेच्या आत (सुमारे 125 ग्रॅम), पाव चमचा मीठ, गार पाणी साधारण अर्धी ते पाऊण वाटी. मैदा नको असेल तर सगळी कणीक बारीक चाळून घ्यावी. पारी थोडी कमी खुसखुशीत होईल, पण चव खमंग येईल.

सारणासाठी: मध्यम आकाराची 4 सफरचंदे, किसलेला गूळ 8 चमचे, दालचिनीची पूड 1 लहान चमचा, थोडे जायफळ, भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट 4 चमचे, असल्यास थोडे बेदाणे, भाजलेला रवा 8 लहान चमचे, एक लिंबू.

पाकासाठी: गूळ 1 वाटी, पाणी 2 वाट्या, तूप 1 चमचा.

पीठ आणि तूप यांचे माप चारास एक, एवढे लक्षात ठेवले की प्रमाण कितीही वाढवता येते.

कृती

1. पीठ आणि मीठ एकत्र चाळावे. थिजलेले तूप घालून ते बोटांच्या टोकांनी पिठाला चोळावे. आपण शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन घालतो. येथे उलट, तूप गारच हवे. तुपाचे लहान लहान कण पिठात राहिले की भाजताना ते वितळतात आणि तेथे पदर सुटतात. पीठ भरड रव्यासारखे दिसू लागले की थांबावे.

2. गार पाणी थोडे थोडे शिंपडून पीठ नुसते गोळा करावे. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. जास्त मळले की पिठातला चिकटपणा वाढतो आणि पारी चिवट होते. गोळा झाकून अर्धा तास गार जागी ठेवावा. फ्रीज नसला तरी माठाजवळ ओल्या फडक्याखाली ठेवला तरी चालतो.

3. सफरचंदे कोमट पाण्यात चोळून धुवावीत. सोलून प्रत्येकाचे दोन अर्धे भाग करावेत. बिया आणि मधला कठीण भाग चमच्याने कोरून काढावा. तेथे जी खळगी होते तेच सारणाचे घर. फोडींना लगेच लिंबाचा रस चोळावा, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. अमेरिकेत अख्खे फळ गुंडाळण्याचीही रीत आहे. पण अर्धे फळ लवकर शिजते, पारी करपत नाही आणि चार फळांत आठ माणसांचे होते.

4. सोललेल्या साली फेकू नयेत. बिया टाकून द्याव्यात. साली आणि कोरलेला भाग 2 वाट्या पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळून घ्यावा. सालीत पेक्टिन असते, त्याने पाकाला नैसर्गिक दाटपणा येतो. मेण लावलेले, आरशासारखे चकचकीत फळ असेल, तर मात्र साली वापरू नयेत, साधे पाणी घ्यावे.

5. पिठाचे आठ भाग करावेत. प्रत्येक भाग वीतभरापेक्षा थोडा लहान आणि भाकरीपेक्षा पातळ, पण पोळीपेक्षा जाड असा चौकोनी लाटावा. मधोमध चमचाभर भाजलेला रवा पसरावा. सफरचंदात पाण्याचा अंश शेकडा 85 च्या आसपास असतो. भाजताना ते पाणी सुटते आणि रवा ते शोषून घेतो. रवा नसला तर तळ गिच्च होतो.

6. रव्यावर फळाचा अर्धा भाग खळगी वर करून ठेवावा. खळगीत गूळ, कूट, दालचिनी आणि जायफळ यांचे सारण भरावे. चौकोनाच्या कडांना पाण्याचे बोट लावून चारही टोके वर आणावीत आणि मिटावीत. कडा नीट दाबाव्यात, पण अगदी टोकाला काडीने एक भोक ठेवावे. आतली वाफ जायला वाट नसेल, तर ती पारी फोडून वाट काढते आणि गूळ बाहेर येऊन करपतो. वरून दुधाचा हात फिरवावा.

भट्टी नसेल तर

ओव्हन असेल त्यांनी 190 अंश सेल्सिअसवर पुरचुंड्या आधी 25 मिनिटे कोरड्या भाजाव्यात. मग गरम पाक घालून आणखी 15 मिनिटे ठेवाव्यात.

ओव्हन नसेल त्यांनी हिरमुसू नये. जाड बुडाचे एखादे जुने पातेले घ्यावे. तळाशी धुऊन वाळवलेली स्वच्छ वाळू किंवा जाडे मीठ बोटाच्या दोन पेरांएवढे पसरावे. त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण घालावे आणि मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटे तापू द्यावे. मग स्टीलच्या पसरट ताटलीला तूप लावून तीत पुरचुंड्या एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात आणि ताटली तिवईवर ठेवावी. एका वेळी चार-पाचच मावतात, दुसरा घाणा मागून करावा. आच मंद ते मध्यम ठेवून अर्धा तास भाजावे. मग पाक घालून आणखी पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. ताटली ॲल्युमिनियमची नको, कारण पाकात लिंबाचा आंबटपणा आहे.

चुलीवर करणार असाल तर जाळ नको, निवळलेले निखारे घ्यावेत. खाली थोडे आणि झाकणावर जास्त. जुन्या बायका नानकटाई अशाच खालीवर विस्तव ठेवून भाजत. वरून रंगही चांगला येतो, जो गॅसवर जरा कमी येतो.

प्रेशर कुकर वापरलाच, तर झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवावीत. त्या लावून कोरडा कुकर तापवणे धोक्याचे आहे. घरात भात-डाळीला एकच कुकर असेल, तर तो या कामाला घेऊ नये, कोरड्या आचेने भांडे खराब होते. तापलेली वाळू आणि उकळता गूळ या दोहोंचे चटके खोल बसतात, म्हणून या वेळी लेकरे चुलीपाशी नसावीत.

पुरचुंडी झाली हे कसे ओळखावे? पारीवर बदामी रंग येतो, घरभर दालचिनीचा वास सुटतो आणि वरच्या भोकातून घातलेली बारीक काडी फळात लोण्यासारखी शिरते. काडी अडली तर आणखी पाच-सात मिनिटे द्यावीत.

पाक

सालीचे गाळलेले पाणी जेवढे उरेल तेवढे घेऊन त्यात गूळ विरघळवावा. गुळात कचरा असल्यास पुन्हा गाळावे. चार-पाच उकळ्या आल्या की तूप आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून उतरवावे. तार धरू द्यायची नाही. हा पाक पुरचुंड्यांच्या डोक्यावर ओतू नये, बाजूने सोडावा. म्हणजे खालचा भाग रसाळ आणि वरचा खुसखुशीत राहतो. सगळा पाक एकदम घालू नये, थोडा वाढताना देण्यासाठी ठेवावा.

काही नेहमीच्या शंका

*दूध घालून खाल्ले तर नासते का?* गूळ आणि लिंबू असलेल्या गरम पाकात दूध घातले तर फाटण्याचा संभव असतो. पुरचुंडी कोमट झाल्यावर गार दूध किंवा साय घ्यावी. दुधातच खायची असेल तर पाक साखरेचा आणि बिनलिंबाचा करावा.

*तुपाऐवजी तेल चालेल का?* तेल गोठत नसल्याने पदर सुटत नाहीत, पारी कडक होते. घरचे लोणी मात्र चालते. त्यातले पाणी नीट निथळून घ्यावे आणि पिठात पाणी कमी घालावे.

*किती दिवस टिकते?* त्याच दिवशी खावी हे उत्तम. फ्रीजमध्ये दोन दिवस राहते, पण पारी मऊ पडते. खाताना तव्यावर झाकण ठेवून गरम करावी.

*मधुमेह असलेल्यांनी?* गूळ हा साखरेपेक्षा निर्धोक आहे, ही समजूत सोडावी. रक्तातली साखर तोही वाढवतो. अशा माणसाला सोललेल्या सफरचंदाची साधी फोड द्यावी आणि तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र कच्चे सफरचंद चावत नाही, त्यांना हे मऊ शिजलेले फळ फार आवडते.

आपल्या बांधावर सफरचंद येईल का?

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून थोडक्यात सांगतो. डेलिशस जातीच्या झाडाला हिवाळ्यात साधारण हजार तासांहून अधिक काळ कडक थंडी लागते. ती आपल्याकडे नाही. परंतु हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-99 ही जात निवडून काढली. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ही झाडे लावली आहेत. माझा सल्ला असा, की हौस असेल तर खात्रीच्या रोपवाटिकेतून दोन-चार रोपे आणून घराजवळ लावावीत, तीन-चार हंगाम पाहावेत. कोणी एकरभर लावून लाखांचे आकडे सांगू लागला, तर हात जोडून निरोप घ्यावा. आपल्या जमिनीत, आपल्या उन्हात फळ कसे येते आणि बाजारात त्याला काय भाव मिळतो हे पाहिल्याशिवाय कर्ज काढू नये.

घरच्या फळाचे काय?

सफरचंद हे निमित्त आहे. हीच पारी, हीच रीत घट्ट पेरूला चालते. बियांचा भाग काढून टाकावा आणि लिंबू वाढवावे. नासपतीला चालते. राजेळी केळ्याचे तुकडे घालून केली तर निम्म्या वेळात होते. पेरूच्या हंगामात व्यापारी बारके फळ बाजूला काढतो, उरलेले आपण गुरांपुढे टाकतो किंवा झाडाखाली कुजू देतो. आणि त्याच आठवड्यात मुलांसाठी बाजारातून रंगीत पाकिटे आणतो. एकदा वहीत दोन रकाने आखून लिहून पाहावे. एका बाजूला फेकलेले फळ, दुसऱ्या बाजूला पाकिटांचे पैसे. हिशेब कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

शेतकऱ्याच्या मालाला व्यापारी प्रत लावतो, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. ती प्रत रंगाची आणि आकाराची असते, चवीची नव्हे. निदान आपल्या घरात तरी आपण आपल्याच मालाला तिसरा नंबर देऊ नये. या आठवड्याच्या बाजाराला जाल तेव्हा त्या गोणपाटापाशी थांबा, फळ हातात घेऊन दाबून पाहा, घट्ट लागले तर एक वाटा पिशवीत टाका. करून पाहिल्यावर कशी झाली, पारी कोठे फुटली, आच किती लागली, हे पत्राने अवश्य कळवा.